तान्हेपणी खूप रडली म्हणून आता हट्टी झाली का?

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या एका मैत्रिणीचं बरंच लांब पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. मुलगी साडेचार वर्षांची. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून रोज दिवेलागणीला जी रडायला सुरुवात करायची ती रात्री दहा-अकरापर्यंत, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. डॉक्टर म्हणाले कॉलिक आहे, आपोआप जाईल. घरात तरी ग्राइप वॉटर, गुटी, बेंबीभोवती हिंग, मीठमोहरी सगळं झालं. आता तीच मुलगी कपडे टोचतात म्हणून रोज सकाळी रडते, पाहुणे आले की आईच्या मागे लपते, मनाविरुद्ध झालं की जमिनीवर लोळण घेते. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की ही पाळण्यात होती तेव्हापासूनच अशी. मैत्रिणीचे प्रश्न तीन. त्या रडण्यामुळे हिचा स्वभाव असा झाला का? एका रात्री मी तिला तशीच रडत ठेवून बाथरूमचं दार लावून बसले होते, त्याचा काही परिणाम झाला असेल का? आणि आता पाचवा महिना चालू आहे, दुसरंही तसंच निघालं तर?

प्रिय मैत्रिणी,

माझी भाची तुझ्याच वयाची आहे त्यामुळे सरळ अगंतुगं करते, चालेल ना.

आधी तुझ्याच पत्रातल्या एका वाक्याकडे बोट दाखवते, कारण तू ते लिहून भर्रकन पुढे गेलीयस. रडण्याबद्दल दीड पान आहे आणि मध्येच अर्धी ओळ येते की चौथा महिना लागला तसं सगळं कमी झालं, नंतर झोपायलाही लागली. अगं, अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हे आहे! तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या अर्ध्या ओळीत आहे, कसं ते सांगते.

१९५४ साली मॉरिस वेसल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने कॉलिकचं एक माप दिलं. बाळ दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त, असं ३ आठवड्यांपेक्षा जास्त रडतंय, आणि बाकी दूध पितंय, वजन वाढतंय, धडधाकट आहे, तर ते कॉलिक. लक्षात ठेवायला सोपं म्हणून अजूनही सगळे हेच सांगतात, पण २०१६ च्या रोम निकषांमध्ये (पोटाच्या तक्रारी ओळखायला जगभरातल्या तज्ज्ञांनी ठरवलेले नियम) डॉक्टरांसाठी ही तास मोजायची अट काढून टाकलीय (रडणारं बाळ खांद्यावर असताना घड्याळ बघतो कोण). आता बघतात ते एवढंच की बाळ पाच महिन्यांच्या आतलं आहे, रडण्याचं कारण सापडत नाही, कितीही समजूत काढली तरी थांबत नाही, आणि ताप नाही, आजार नाही, वाढ नीट आहे.

आणि रडतात सगळीच गं. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तर पहिल्या सहा आठवड्यांत बाळं सरासरी दिवसाला दोनेक तास रडतात, दहा-बारा आठवड्यांची झाली की हेच तासाभरावर येतं. कॉलिकच्या मापात बसणारी बाळं सुरुवातीला साधारण पाचात एक असतात आणि दहा-बारा आठवड्यांपर्यंत शंभरात एकसुद्धा उरत नाही. म्हणजे तुझी मुलगी त्या चढउताराच्या वरच्या टोकाला होती, पण चढली तशी वेळेवर उतरलीसुद्धा. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असायची, तासाभरात कितीतरी वेळा पाजायच्या त्यांना, तिथेही पहिल्या दोन-तीन महिन्यांत रडण्याचा हा असाच चढ दिसला. एकूण वेळ कमी होता हे खरं, पण चढ होताच. त्यामुळे तुझ्या हातून काहीतरी कमी पडलं, नीट पाजलं नाहीस, काहीतरी वातूळ खाल्लंस म्हणून बाळाला बाधलं, हे जे तुझ्या मनात चार वर्षं घोळतंय ना त्याला फारसा आधार नाही.

पाय पोटाशी घेणं, चेहरा लाल होणं, मुठी आवळणं यावरून पोट दुखतंय असं आपण ठरवून टाकतो, पण कुठलंही तान्हं बाळ कुठल्याही कारणाने जोरात रडलं की असंच दिसतं. आणि गॅसेस म्हणशील तर रडताना हवा गिळली जाते, मग पोट टम्म होतं. बऱ्याचदा गॅसमुळे रडणं नसतं, रडण्यामुळे गॅस असतो. एकच एक कारण अजून कोणाला सापडलेलं नाहीये, बहुतेक डॉक्टर आता असं मानतात की पहिल्या काही महिन्यांत मेंदूला जाग-झोप, उजेड-आवाज, थकवा हे सगळं आवरता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत त्याचा कडेलोट होतो.

आता स्वभावाचं. २०१८ मध्ये मेलबर्नमधल्या डॉक्टरांनी नेमका तुझाच प्रश्न घेतला. तान्हेपणी कॉलिक असलेली पण सहा महिन्यांच्या आत ते थांबलेली मुलं दोन-तीन वर्षांची झाल्यावर बघितली आणि कॉलिक नसलेल्या मुलांशी ताडून बघितली. वागणूक, स्वभाव, घरातलं वातावरण, कशातही म्हणावा असा फरक नव्हता. हा एकच अभ्यास आहे का, तर नाही, १९९२ सालीसुद्धा अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच म्हटलं होतं की कॉलिक येतं आणि जातं, मागे काही ठेवत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू उद्या इंटरनेटवर शोधशील आणि घाबरशील. २०११ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून असं दिसलं की तान्हेपणी अति रडणं, झोपेचा प्रॉब्लेम, दूध-खाण्याचा प्रॉब्लेम असलेल्या मुलांमध्ये पुढे लक्ष न लागणं, आक्रमकपणा अशा तक्रारी जास्त आढळतात. हे वाचून छातीत धस्स होईल, पण नीट बघ, त्यात सगळ्यात जास्त धोका कुठे होता तर जिथे हे प्रॉब्लेम एकापेक्षा जास्त एकत्र होते आणि घरही अडचणीत होतं. दुसऱ्या काही अभ्यासांत तीन-चार महिने उलटून गेले तरी न थांबलेलं रडणं वेगळं काढलंय, पुढच्या चंचलपणाशी वगैरे त्याचा संबंध जास्त दिसतो. म्हणून मी त्या अर्ध्या ओळीवर अडून बसले. तुझ्या लेकीचं रडणं चौथ्या महिन्यात थांबलं, वजन नीट वाढत होतं, झोप लागली. वेळेत थांबलेलं रडणं आणि न थांबलेलं रडणं हे दोन गट वेगळे आहेत आणि ती पहिल्या गटातली आहे. ज्या वाचकांची बाळं पाच-सहा महिन्यांची होऊनही तशीच रडतायत, रात्र-रात्र झोपत नाहीत, खाताना झगडा करतात त्यांनी मात्र "होईल आपोआप" म्हणून बसू नका, बालरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा. त्या मुलांचंही पुढे वाईटच होतं असं अजिबात नाही, पण तिथे लवकर मदत मिळाली तर घराला खरंच फरक पडतो.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो खरं, पण ते पाय बघणारे लोक बहुतेक वेळा मूल मोठं झाल्यावर मागे वळून बघत असतात! उद्या तुझी लेक शांत, अभ्यासू निघाली असती तर हेच रडणं "अगं काय रडायची ही, आणि आता बघ किती गुणी" असं हसत सांगितलं गेलं असतं. रडणं तेच, गोष्ट दुसरी. शांत बाळ म्हणजे गुणी बाळ हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की जुन्या मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका बाळ गप्प झोपावं म्हणून बाळागोळी द्यायच्या, त्यात अफू असायची. त्या बिचाऱ्यांना दुसरा पर्यायच नव्हता. आणि ज्या ग्राइप वॉटरने तुमच्या घरी बाटल्या संपल्या ते १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालं तेव्हा त्याच्या मूळ कृतीत अल्कोहोल होतं, बरीच वर्षं होतं, नंतर ते काढून टाकलं.

मला खरी काळजी वाटते ती या गोष्टीची की कॉलिकने मुलीच्या मागे काही ठेवलं नसलं तरी घराच्या मागे ठेवलंय. तू लिहिलंयस की ती दुपारी झोपली की अजूनही कोणी मिक्सर लावत नाही, आणि तिचा चेहरा जरा बदलला की तुझ्या पोटात गोळा येतो. बाळाला कॉलिक असलेल्या आयांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं की बाळाचं आईशी नातं इतर बाळांसारखंच घट्ट असतं, पण आईचा स्वतःवरचा विश्वास मात्र कमी झालेला असतो. आपल्याला हे जमत नाही असं एकदा डोक्यात बसलं की मग मूल रडायच्या आधीच आपण धावतो, मोबाईल देतो, बिस्किट देतो, हवं ते करतो आणि मूल शिकतं की चेहरा वाकडा केला की घर हलतं. साडेचार वर्षांच्या मुलीच्या लोळण घेण्यात त्या तीन महिन्यांपेक्षा या चार वर्षांचा वाटा जास्त असेल असं माझं मत आहे. रागावू नकोस. उलट ही चांगली बातमी समज, जे तीन महिने होऊन गेले ते काही बदलता येत नाहीत, दुपारी मिक्सर लावता येतो.

स्वभाव असा काही नसतोच, सगळं आपण घडवतो, असंही मी म्हणत नाहीये हां. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने सव्वाशेहून जास्त मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत बघितली. त्यात दहातली चार मुलं सोपी, दहातलं एक अवघड, साधारण १५ टक्के नव्या माणसांना, नव्या जागेला हळूहळू रुळणारी आणि बाकीची कशातच धड न बसणारी. तू जे वर्णन केलंयस, कॉलर टोचते, हळदीकुंकवाच्या गर्दीत पदर सोडत नाही, पण घरी एकटी बसून मणी ओवायला लागली की तासभर उठत नाही, त्यावरून मला ती हळूहळू रुळणारी आणि अंगाला बारीकसारीक जास्त जाणवणारी वाटते. "अवघड" मला तरी वाटत नाही. अर्थात मी पत्रावरून बोलतेय, तिला बघितलेलं नाही. त्या दोघांचं म्हणणं असं होतं की कुठलाच स्वभाव चांगला-वाईट नसतो, मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांची गाठ जमते की नाही यावर सगळं असतं. हेच मूल शांत घरात "समजूतदार" म्हणवलं जातं आणि सदा माणसांनी भरलेल्या घरात "घुमी".

मग करायचं काय. कपड्यांचं सगळ्यात सोपं, लेबल कापून टाक, युनिफॉर्म दोन-तीनदा धुऊन मऊ करून मग घालायला दे, आणि सकाळच्या घाईत वाद घालण्यापेक्षा रात्रीच दोन मोजे समोर ठेवून कुठले ते तिला निवडू दे. कुठे जायचं असेल तर गर्दी व्हायच्या आधी पोच, पाच-सहा बायकाच असताना ती रुळते, तीस बायका बसलेल्या असताना दारातून आत शिरणं तिला जड जातं (मलाही जातं खरं तर). "काकूंना नमस्कार कर, नाव सांग, गाणं म्हणून दाखव" हे पूर्ण बंद. ती लपली तर "तिला जरा वेळ लागतो, येईल ती" एवढं तू शांतपणे म्हण, तिच्या देखत, म्हणजे तिलाही स्वतःबद्दल सांगायला ते वाक्य मिळेल. लोळण घेतली तर तिला लागणार नाही एवढं बघ, जवळ बस, फार बोलू नकोस, आणि ज्यासाठी नाही म्हटलंय ते मात्र देऊ नकोस. पहिले काही दिवस लोळणं वाढेल, ते धरूनच चाल. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच धरायला हवं, तू नाही म्हणायचं आणि आजोबांनी मागच्या दाराने चॉकलेट आणायचं असं असेल तर काहीच होणार नाही.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्या तीन महिन्यांत संध्याकाळी बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्या त्याच होत्या, हेही तुझ्याच पत्रात आहे. "पाळण्यात होती तेव्हापासूनच अशी" यात त्यांचीही दमणूक आहे, आपण केलेल्या कष्टांची आठवण कोणीतरी काढावी असं वाटत असणार. "आई, तुम्ही होतात म्हणून ते दिवस निघाले" असं एकदा मनापासून म्हणून बघ आणि मग सांग की तिच्यासमोर तेवढं रडकी म्हणायचं नाही. नवऱ्याने सांगितलं तर जास्त बरं, शेवटी त्याची आई आहे. त्याच्याबद्दल पत्रात फारच कमी लिहिलंयस, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

दाखवायला कधी हवं? बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, आधी येत असलेली गोष्ट विसरत असेल, रागात स्वतःचं डोकं आपटून घेत असेल, शाळेत महिनोन्‌महिने कोणाशीच बोलत नसेल तर बालविकासतज्ज्ञांना भेट. खासगी परवडत नसेल त्यांनी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बऱ्याच जिल्ह्यांत अशी केंद्रं आहेत. तुझ्या पत्रात यातलं काही दिसलं नाही.

बाथरूमचं. बाळ पाळण्यात सुरक्षित होतं, तू दार लावून बसलीस, थोड्या वेळाने बाहेर आलीस आणि तिला उचललंस. बालरोगतज्ज्ञ आईबापांना हेच करायला सांगतात! रडणं सहन होईनासं झालं की बाळाला पाठीवर झोपवा, खोलीबाहेर जा, पाच-दहा मिनिटं श्वास घ्या, मग परत या. बाळाला खरा धोका असतो तो त्या क्षणी कोणीतरी चिडून त्याला गदागदा हलवण्याचा, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. तू ते टाळलंस. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी स्वतःला खातेयस ती त्या रात्रीची बरोबर गोष्ट होती.

आता पोटातल्या बाळाचं. पाचातल्या एकाला होतं म्हणजे चारांना होत नाही, मुलगा-मुलगी, पहिलं-दुसरं, अंगावरचं दूध-वरचं दूध याने विशेष फरक पडत नाही. झालंच तर या वेळी तुला माहीत असेल की साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त आणि मग उतार. पण रडणं कॉलिकचं आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध ओढत नाही, वजन वाढत नाही, मलूल पडलंय, जांघेत फुगवटा आलाय, यातलं काहीही असेल तर संध्याकाळची वाट न बघता लगेच जायचं. मध अजिबात नको, वर्षाच्या आत तर बोटावर लावूनसुद्धा नको. गुटीतलं जायफळ गुंगी आणतं, वेखंडही तान्ह्या बाळासाठी निरुपद्रवी नाही, आणि पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचंच नसतं त्यामुळे सहाण माळ्यावरच राहू दे. प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या ड्रॉप्समधल्या एका जातीचा अंगावर पिणाऱ्या बाळांना थोडा उपयोग दिसलाय, डॉक्टरांना विचारून बघता येईल. तुझं जेवण कमी करायचं नाही, डाळ, फ्लॉवर, वांगं सगळं बंद करून मेथीचे लाडू आणि भातावर राहिलीस तर तूच आधी आडवी होशील. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचा डॉक्टरांना संशय आला तरच दुधाचे पदार्थ थांबवायचे. बाळाला जास्त वेळ अंगावर घेतलं तर साधारण बाळं कमी रडतात असं १९८६ च्या एका अभ्यासात दिसलं, कॉलिकच्या बाळांवर मात्र नंतर तोच प्रयोग केला तेव्हा फरक पडला नाही, तेव्हा घ्यावंसं वाटेल तेव्हा घे, पण घेऊनही रडलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आणि या वेळी तुझ्याकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाला किंवा स्वतःला काही करावं असे विचार आले तर ते बाळंतपणातलं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांग. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतून बोलता येतं, फोन फुकट आहे.

संध्याकाळी सात ते दहा मात्र आत्ताच वाटून घ्या. एक तास तू, एक तास नवरा, एक तास आजी, आणि ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्या खोलीत किंवा खाली चक्कर मारायला जायचं, दारात उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. मोठीच्या झोपायच्या गोष्टीची वेळही त्यातच बसवा, ती वेळ बाबाकडे दिलीत तर उत्तम. हे सातव्या-आठव्या महिन्यात ठरवून कागदावर लिहून फ्रिजवर लावा, बाळ आल्यावर कोणाला बसून बोलायची शुद्ध नसते.